कानशीखालचा पंख : 'घरच्या घरी बूमरँग' या पुस्तकाची प्रस्तावना

सर गिल्बर्ट वॉकर हे नाव आपल्याकडे मान्सूनच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. १९०४ साली ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि पुढची वीस वर्षे पावसाचा आगाऊ अंदाज कसा बांधता येईल या एकाच प्रश्नामागे लागले. १८९९च्या दुष्काळाच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या. जगभरच्या वेधशाळांचे आकडे ताडून पाहताना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबातला परस्परांशी बांधलेला चढउतार त्यांच्या लक्षात आला. एल निनोच्या बातम्यांत 'सदर्न ऑसिलेशन' असे जे वाचायला मिळते, ते हेच. हा माणूस भारतात येण्यापूर्वी केंब्रिजमध्ये 'बूमरँग वॉकर' म्हणून ओळखला जाई. कॉलेजांमागच्या हिरवळीवर तो बूमरँग फेकत असे आणि १८९७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने बूमरँगच्या उड्डाणाचे गणित मांडणारा मोठा निबंध प्रसिद्ध केला.

बूमरँगवरच्या मराठी पुस्तकाची सुरुवात वॉकरांपासून करावी असे मला वाटले, कारण हे पुस्तक मुंबईतल्या वाकोल्यात तयार झाले आहे. वॉकरांच्या त्याच खात्याची सांताक्रूझ वेधशाळा इथून हाकेच्या अंतरावर आहे. २६ जुलै २००५ला तिथल्या पर्जन्यमापकाने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि वाकोला नाल्याकाठच्या घरांत पाणी शिरले, हे इथल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. उत्तरेला विमानतळ आहे. गच्चीवर उभे राहिले की दर दोन-तीन मिनिटांनी एखादे विमान पंख पसरून चढताना किंवा उतरताना दिसते. हवा, वारा आणि पंख यांच्या इतक्या जवळ राहणाऱ्या वस्तीतल्या मुलाला पंख म्हणजे काय हे मात्र पाठ्यपुस्तकातल्या आकृतीवरूनच शिकावे लागते. बूमरँग हा हातात धरता येणारा, कानशीने घासून घडवता येणारा आणि संध्याकाळपर्यंत बरोबर की चूक ते सांगणारा पंख आहे. त्याच्याइतका स्वस्त दुसरा पंख मला माहीत नाही. या पुस्तकाचे मोल मला याच कारणासाठी वाटते.

आधी काही गैरसमज दूर केले पाहिजेत. बूमरँग म्हटले की परत येणारी वस्तू एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची बहुतेक बूमरँग परत येणारी नव्हती. शिकारीचे बूमरँग जड, लांब आणि कमी वाकडे असे. त्याने जमिनीलगत सरळ जाऊन जनावराचे पाय मोडावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. परत येणारे बूमरँग हलके असते. त्याचा उपयोग मुख्यतः खेळासाठी, आणि पाण्यावरच्या पक्ष्यांचे थवे बिथरवून ताणलेल्या जाळ्यांकडे वळवण्यासाठी होई. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे उठवणारा आपला राखणदार हे काम लगेच ओळखेल. याखेरीज त्याच लाकडाने जमीन उकरत, विस्तव पेटवत, आणि दोन बूमरँग एकमेकांवर आपटून गाण्याला ताल धरत.

या लाकडाचे वय मोजायला गेले तर मती गुंग होते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वायरी दलदलीत १९७३ साली पीटच्या थरात लाकडी बूमरँग सापडली. ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची ठरली. पोलंडमधल्या ओब्वाझोवा गुहेत १९८५ साली मॅमथच्या सुळ्यापासून कोरलेले बूमरँग मिळाले. आधी त्याचे वय तेवीस हजार वर्षे धरले होते. नव्या कालमापनाने ते चाळीस हजारांच्या आसपास गेले आहे. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात, जे १९२२ साली उघडले, फेकायच्या वाकड्या काठ्यांचा संचच होता. म्हणजे वाकडे लाकूड फिरवून फेकले तर ते सरळ लाकडापेक्षा लांब आणि नेमके जाते, हे माणसाला अनेक ठिकाणी कळले होते. हलक्या लाकडाला असा आकार द्यायचा की ते वळसा घालून हातात यावे, हे कौशल्य पूर्णत्वाला नेले ते ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींनी. त्यांचे हे ऋण पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मानले आहे, ते योग्य झाले.

भारताचाही या इतिहासात वाटा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तमिळनाडूत शिवगंगा, पुदुकोट्टई, मदुरै या भागातल्या मरवर आणि कल्लर समाजांत वळरी नावाचे चंद्रकोरीसारखे फेकशस्त्र होते. लाकडाचे, लोखंडाचे, क्वचित हस्तिदंताचेही. त्याचे एक टोक जड असे. जेम्स वेल्श या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत लिहिले आहे की भाला आणि ही काठी फेकायला त्याला शिवगंगेच्या मरुदू बंधूंतल्या चिन्न मरुदूने शिकवले. तेच मरुदू बंधू १८०१च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढले आणि त्यांना फाशी झाली. त्या लढाईनंतर हत्यारे काढून घेतली गेली आणि वळरी हळूहळू देवघरात आणि संग्रहालयात जाऊन बसली. एडगर थर्स्टन यांच्या दक्षिण भारतातल्या जातीजमातींवरच्या १९०९च्या ग्रंथात कल्लरांच्या लग्नात दोन्ही घरांमध्ये वळरीची देवाणघेवाण होत असल्याची नोंद आहे. शस्त्राला सोयरिकीत असे स्थान मिळाल्याचे उदाहरण मला दुसरीकडे आढळलेले नाही. गुजरातेत कोळी समाजात अशाच फेकायच्या लाकडाला कटारिया म्हणत आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज संग्राहकांनी त्याची दखल घेतली होती. ही दोन्ही परत येणाऱ्या जातीची नव्हेत. महाराष्ट्रात आपल्या हाती आली ती विटी, दांडू, भोवरा आणि गोफण. बाभळीच्या लाकडाचा नैसर्गिक बाक पाहून नांगर घडवणारे सुतार मात्र गावोगाव होते, आणि ऑस्ट्रेलियातला बूमरँग करणारा झाडाकडे याच नजरेने पाहतो. मुळाजवळ खोड जिथे वळते, तिथे तंतूही वळलेले असतात, म्हणून तिथून काढलेला कोपर मोडत नाही.

आता ते परत का येते, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे गल्लत झाली की पुढे कानस चुकीच्या जागी चालते. बूमरँगचा प्रत्येक हात हा विमानाच्या पंखासारख्या काटछेदाचा असतो. पोट सपाट, पाठ फुगीर, हवेत आधी शिरणारी कड गोलसर आणि मागची कड पातळ. उजव्या हाताने ते जवळजवळ उभे धरून, फुगीर पाठ आपल्या कानाकडे ठेवून, मनगटाच्या झटक्याने फेकायचे. ते सेकंदाला दहाएक फेऱ्या घेत पुढे जाते. समजा, पुढे जाण्याचा वेग सेकंदाला २० मीटर आहे. केंद्रापासून पाव मीटरवरचा भाग नुसत्या फिरण्याने सेकंदाला सुमारे १६ मीटर वेगाने जातो. वर असलेला हात पुढच्या दिशेने फिरत असतो, म्हणून त्याला हवा ३६ मीटर वेगाने लागते. खालचा हात मागे येत असतो, त्याला जेमतेम ४ मीटरने. म्हणजे वरच्या हाताला उचल भरपूर आणि खालच्याला नगण्य. या तफावतीमुळे बूमरँगने डावीकडे कलंडायला हवे. पण फिरती वस्तू कलंडवू पाहिली की ती कलंडण्याऐवजी वळते. हात सोडून सायकल चालवताना अंग डावीकडे झुकवले की पुढचे चाक आपोआप डावीकडे वळते, तसेच. प्रत्येक फेरीला थोडे थोडे वळत ते वर्तुळ पुरे करते आणि त्याच वेळी हळूहळू आडवे होत जाते, म्हणून शेवटी आपल्यापुढे ते भिंगरीसारखे तरंगत उतरते.

वॉकरांनी या गणिताचा पाया घातला. नेदरलँड्सच्या फेलिक्स हेस यांनी ते जवळजवळ पूर्ण केले. त्यांनी बूमरँगला छोटा दिवा बांधून अंधारात फेकले, कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून त्या प्रकाशरेषेची छायाचित्रे घेतली आणि संगणकाने काढलेल्या मार्गाशी ती ताडून पाहिली. १९६८ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांचा लेख आला, १९७५ साली ग्रोनिंगेन विद्यापीठात प्रबंध. या सगळ्या गणितातून एक गोष्ट निघते जी नवख्याला सांगूनही पटत नाही : फेकीचा जोर दुप्पट केला म्हणून वर्तुळ दुप्पट होत नाही. वर्तुळ किती मोठे, हे लाकडाचे वजन, हातांची लांबी आणि काटछेद ठरवतात. म्हणजे ते मैदानावर येण्यापूर्वी कामाच्या फळीवरच ठरलेले असते. २००८च्या मार्चमध्ये जपानी अंतराळवीर ताकाओ दोई यांनी अंतराळ स्थानकात कागदी बूमरँग फेकले आणि ते परत आले. वजन जाणवत नसले तरी हवा होती, आणि बूमरँगला हवाच लागते.

बनवण्याच्या घराण्यांकडे वळू. सगळ्यात जुने नैसर्गिक कोपराचे. त्याविषयी वर आलेच. दुसरे, लाकडाच्या दोन पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या कोरून एकमेकींत बसवायच्या आणि सरसाने जोडायच्या. शाळेतल्या सुतारकामाला हे उत्तम, पण सांधा कच्चा राहिला तर पहिल्या आपटीत उकलतो. तिसरे, पातळ पट्ट्या ओल्या करून साच्यावर वाकवून एकावर एक चिकटवायच्या. देखणे होते, पण साचा आणि शिकंजे यांचा खर्च आणि पसारा घरच्या माणसाला झेपत नाही. चौथे घराणे प्लायवूडचे, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जगभर पसरली ती मुख्यतः त्याच्यामुळे. प्लायचे थर आडवे-उभे असल्याने कोपरात लाकूड फाटत नाही. शिवाय घासताना उतारावर थरांच्या कडा नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या उमटतात. दोन्ही हातांवर त्या रेषा सारख्या आल्या की घास सारखा झाला. ज्याने आयुष्यात कधी हत्यार धरले नाही त्यालाही डोळ्यांनी तपासता येईल असे माप प्लायने दिले. पाचवे घराणे फायबर आणि प्लॅस्टिकचे. ते स्पर्धकांचे आहे. डेव्हिड शमी यांनी २००५ साली क्वीन्सलँडमध्ये ४२७.२ मीटर फेक केली, ती परत न येणारी होती. स्पर्धांतही प्रकार आहेत : अचूक परतणे, जास्तीत जास्त वेळ हवेत राहणे, पाच झेल कमीत कमी वेळात घेणे. प्रत्येकासाठी आकार वेगळा, तीन हातांचाही. त्या वाटेला हे पुस्तक जात नाही.

या पुस्तकाच्या लेखकांनी प्लायचे घराणे निवडले ते वाकोल्याकडे पाहूनच. इथे कोणत्या ना कोणत्या घरात फर्निचरचे काम सतत चालू असते आणि इमारतीच्या कोपऱ्यात डेब्रिजबरोबर प्लायचे तुकडे पडलेले असतात. वॉर्डरोबच्या पाठीला लावलेल्या ६ एमएम प्लायचा हातभर उरलेला तुकडा मिस्त्री आनंदाने देतो. मरीन प्लाय मिळाला तर सोन्याहून पिवळे. त्यावर आयएस ७१० हा शिक्का असतो आणि त्याचा सरस दमटपणाला दाद देत नाही. तुकडा बोटाने टकटकवून ऐकावा. मधल्या थरात पोकळी असेल तर आवाज बसका येतो. तो तुकडा टाकून द्यावा, मग वरून तो कितीही गुळगुळीत असो. बारीक पात्याची करवत, एक अर्धगोल कानस, ८०, १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर, दोन सी-क्लॅम्प आणि गॅलरीच्या कठड्यापाशी टेकवलेली फळी. एवढ्यावर काम भागते. तोंडावर मास्क मात्र हवाच, कारण प्लायच्या भुशात सरसाचीही पूड असते.

नवख्यांच्या हातून होणारी एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिची नोंद इथेही करतो. ती म्हणजे दोन्ही हातांची बाहेरची कड गोल आणि आतली पातळ करणे. दिसायला ते अगदी बरोबर दिसते. पण बूमरँग फिरते तेव्हा एका हाताची बाहेरची कड हवेत आधी शिरते आणि दुसऱ्याची आतली. म्हणून एका हाताची गोल कड बाहेर आणि दुसऱ्याची आत हवी. कानस लावण्याआधी पेन्सिलीने प्रत्येक कडेवर बाण काढून, तुकडा हातात फिरवून पाहण्याची सवय लेखकांनी लावली आहे, ती मला फार मोलाची वाटते.

मुंबईच्या हवेचा विचार करणारे बूमरँगचे पुस्तक माझ्या पाहण्यात दुसरे नाही. इंग्रजी पुस्तके कोरड्या, थंड प्रदेशांसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा प्लायच्या उघड्या कडांतून आत शिरतो, हात किंचित पिळवटतात, आणि मे महिन्यात हातात येणारे बूमरँग ऑगस्टमध्ये भलतीकडे जाते. त्यावर उपाय दोन : कडांना सीलरचे दोन-तीन हात देऊन मगच वॉर्निश, आणि पावसाळ्यात बूमरँग भिंतीला टेकवून न ठेवता सपाट फळीवर वजनाखाली ठेवणे. वाऱ्याचेही तसेच. बूमरँगला मंद वारा हवा, वारा जिकडून येतो त्या दिशेपासून सुमारे ४५ अंश उजवीकडे फेकायचे असते. मुंबईत दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा जोर धरतो आणि पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा तर बूमरँगला उचलून नेतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत सकाळी जमिनीकडून येणारी हलकी झुळूक असते. तीच वेळ.

जागेचा प्रश्न याहून अवघड आहे आणि लेखकांनी तो टाळलेला नाही. हलके बूमरँगही वीस-तीस मीटर लांब जाते, म्हणून आपल्या चारही बाजूंना ५० मीटर मोकळी जागा हवी, आणि त्या जागेत दुसरे कोणीही नको. वाकोल्यात अशी जागा गल्लीत नाही, सोसायटीच्या आवारात नाही, क्रिकेटची पिचे एकमेकांत घुसलेल्या मैदानात तर नाहीच. परवानगी घेऊन कलिन्याच्या विद्यापीठाच्या आवारातले मोकळे मैदान, किंवा पहाटे ओहोटीच्या वेळी जुहूचा किनारा, हे पर्याय उरतात. सत्तर-ऐंशी ग्रॅमचे का होईना, पण वेगाने फिरणारे लाकूड डोळ्याला लागले तर डोळा जातो. जागा मिळाली नाही तर फेकू नये, एवढे स्पष्ट पुस्तकात लिहिले आहे. मी त्यात भर घालीन : मुलांच्या हाती ते मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय देऊ नये.

हे सगळे आज का करायचे? बाजारात प्लॅस्टिकचे बूमरँग मिळते. पण विकत घेतलेले बूमरँग परत आले नाही तर आपल्याला त्यात काही करता येत नाही. घरी केलेले आले नाही तर कारण शोधता येते, कुठे लाकूड जास्त राहिले ते बोटांनी चाचपता येते, दहा मिनिटे घासून पुन्हा फेकता येते. महाराष्ट्राला ही शिकवण नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवणारी नई तालीम मांडली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू करून ती यंत्रांच्या काळात आणली. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत, पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवत हजारो मुलांना विज्ञानाची गोडी लावली. शाळांमधला कार्यानुभवाचा तास मात्र बऱ्याच ठिकाणी कार्डपेपर आणि चमकीपाशी अडकला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांबरोबर काम करण्यासाठी. वाकोल्यातल्या कोणत्याही शाळेला त्या दहा दिवसांत घ्यायचा एक पाठ या पुस्तकात तयार आहे, आणि शिकवायला सुतारही याच वस्तीत आहेत.

लेखकांशी माझा एक मतभेद आहे. नैसर्गिक कोपराचे लाकूड त्यांनी दीड पानात उरकले. शहरात ते मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. पण वादळी पावसानंतर रस्त्यावर कोसळलेल्या झाडांच्या फांद्या दरवर्षी ट्रक भरभरून जातात, आणि रीतसर विचारून त्यातली एखादी वाकडी फांदी मिळू शकते. ती सावलीत महिनोन्‌महिने वाळवावी लागेल, कदाचित तडकेल. तरीही झाडात दडलेला आकार शोधणे हा या कलेचा गाभा आहे आणि पुढच्या आवृत्तीत त्याला पुरेशी जागा मिळावी, अशी माझी विनंती आहे.

सजावटीच्या बाबतीत लेखकांनी घेतलेली भूमिका मला पूर्ण मान्य आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची ठिपक्यांची चित्रे आणि कुलचिन्हे आपल्या बूमरँगवर काढू नयेत. त्यांतल्या अनेकांना त्या समाजांत पवित्र अर्थ आहे, आणि ती काढण्याचा अधिकार कोणाला, याचे नियम आहेत. इंडोनेशियात बनवलेल्या बूमरँगसारख्या वस्तू आदिवासींच्या हातच्या म्हणून विकल्याबद्दल २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने एका कंपनीला २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला होता. आपले लाकूड साधे ठेवावे, किंवा ठळक पिवळ्या-लाल रंगाने रंगवावे, म्हणजे गवतात पडले तरी सापडते.

वाचकांना माझे सांगणे एवढेच. पुस्तक पावसाळ्यात हाती आले तर वाट पाहू नका. घासकाम पावसाळ्यातच बसून करता येते, आणि मैदान मोकळे होईपर्यंत तुमच्याकडे दोन-तीन नमुने तयार असतील. मागे जोडलेल्या आकृत्या उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी कापण्याआधी आकृतीचा कागद उलटा करून ती प्लायवर उतरवून घ्यावी.